नॅप्टनचा सुतार

शनिवार, रात्री उशिरा

सध्या कानात एकच माणूस बसलाय, वॉल्टर पार्डन. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये नॅप्टन नावाचं खेडं आहे तिथला सुतार आणि जुनी लोकगीतं गाणारा. 1914 चा जन्म, लग्न केलंच नाही, महायुद्धात सैन्यात होता तेवढी वर्षं सोडली तर आख्खा जन्म एकाच घरात. गाणी मिळाली ती मुख्यतः बिली गी या मामाकडून. बाकीच्या चुलत-मामे भावंडांना त्यात काही इंटरेस्ट नव्हता, त्यामुळे मामा गेल्यावर हा एकटाच उरला. मग वहीत शब्द लिहून काढले आणि चाली विसरू नयेत म्हणून घरात एकटाच मेलोडियनवर (भात्याचं, बटणांचं हातात धरून वाजवायचं वाद्य) वाजवत बसायचा, समोर ऐकणारं कोणी नाही, आणि हे वर्षानुवर्षं!

शेवटी 1970 च्या दशकात घरातल्याच एका तरुणाने मागे लागून टेप करायला लावलं, ती टेप पीटर बेलामी या गायकाकडे गेली, तिथून लोकगीतांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या बिल लीडरकडे, आणि 1975 ला 'अ प्रॉपर सॉर्ट' ही पहिली रेकॉर्ड आली. साठी उलटल्यावर! दुसऱ्या वर्षी अमेरिकेच्या द्विशताब्दीच्या महोत्सवात गायला थेट वॉशिंग्टनला.

गाणं कसं म्हणाल तर साथ नाही, हातवारे नाहीत, रडवण्याचा प्रयत्न तर अजिबात नाही. 'व्हॅन डीमन्स लँड'मध्ये चोरून शिकार करणाऱ्यांना पकडून टास्मानियाला पाठवतात, तेही हा शेजारच्या गल्लीतली बातमी सांगावी तसं गातो आणि म्हणूनच ते जास्त लागतं. गिटार-बिटार लावून चकाचक केलेली फोक रेकॉर्डिंगं यानंतर मला जरा गोडमिट्टच वाटायला लागलीयेत, खरं सांगतो.

पण सगळ्यात भारी गोष्ट त्याच्या मुलाखतीतली आहे. मेलोडियनमध्ये आपल्या पेटीसारखं नसतं, तिथे एकच बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसरा. तर वॉल्टर म्हणतो की नवीन गाणं संपतं तेव्हा भाता मिटलेला असतो आणि जुनं संपतं तेव्हा बहुतेक वेळा बाहेर ओढलेला. म्हणजे मेजरमधली (आपल्या बिलावलच्या सुरांची) चाल दाबून संपते, जुन्या वळणाची चाल वेगळ्या सुरावर थांबते म्हणून भाता उघडा राहतो. संगीताची थिअरी न शिकता नुसत्या हाताच्या अंदाजाने त्याने हे पकडलं होतं! आणि वहीतसुद्धा जुनी गाणी आणि म्युझिक हॉलची (म्हणजे नाट्यगृहातल्या करमणुकीच्या कार्यक्रमांतली) गाणी त्याच्या लेखी वेगळी होती.

खेड्यातले गायक म्हणजे बिचारे नुसते गात राहतात, त्यांना कुठे कळतंय कोणतं गाणं लोकगीत ते, असं समजणारे बरेच अभ्यासक होते म्हणे. त्यांना कोणीतरी नॅप्टनला चहाला पाठवायला हवं होतं.

उद्या त्याचीच 'अ वर्ल्ड विदाउट हॉर्सेस' ही सीडी लावणार, आज राहिली.