रोडचे शिफ्टर, माउंटनचा डिरेलर

रोडबाईकचं खाली वळलेलं हँडल मला सोडवत नाही. हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात आणि समोरून वारा असला की वाकता येतं. पण मागे पॅनियर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या), त्यात तंबू आणि कपडे, असं ओझं घेऊन चढ चढताना रोडबाईकचे गिअर कमी पडतात. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असले, तर पेडलच्या एका फेरीत चाक १.२१ वेळा फिरतं. मागे ३६ आले की हाच आकडा ०.९४ होतो. लांबच्या चढावर हा फरक गुडघ्यांना लगेच कळतो. म्हणून माझ्या सायकलीवर १० स्पीडचे, म्हणजे मागच्या दहा चक्रांसाठीचे, रोड शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे लिव्हर) आहेत आणि मागे ९ स्पीडचा माउंटन बाईकचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. उद्या नवी सायकल बांधली तरी हीच जोडी लावेन.

१० स्पीडला ९ स्पीडचा डिरेलर कसा चालतो, हे मला नेहमी विचारलं जातं. डिरेलरला स्पीड मोजता येत नाहीत, क्लिक असतात ते शिफ्टरमध्ये. बघायचं ते एवढंच की एका क्लिकला किती केबल ओढली जाते आणि तेवढ्या केबलला डिरेलर किती सरकतो. शिमानो कंपनीच्या ९ स्पीडपर्यंतच्या माउंटन डिरेलरचं आणि जुन्या १० स्पीड रोड डिरेलरचं गुणोत्तर एकच आहे, साधारण १.७. म्हणजे १ मिमी केबलला डिरेलर १.७ मिमी सरकतो. १० स्पीडचा रोड शिफ्टर क्लिकला साधारण २.३ मिमी केबल ओढतो. गुणाकार ३.९ च्या आसपास येतो आणि १० स्पीड कॅसेटमध्ये (मागच्या चक्रांच्या संचात) दोन चक्रांमधलं अंतर आहे ३.९५ मिमी. जमलं!

आता माउंटनचाच १० स्पीडचा डिरेलर घ्या. दोन्हींवर १० लिहिलेलं असतं, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण शिमानोने डायना-सिस या १० स्पीडच्या माउंटन रचनेपासून माउंटनचं गुणोत्तर १.२ वर आणलं. जास्त केबल ओढायची आणि डिरेलर कमी हलवायचा, म्हणजे केबलमध्ये चिखल गेला तरी गिअर नीट पडतात. माउंटन बाईकसाठी ही फार चांगली कल्पना आहे. रोड शिफ्टरला मात्र तो डिरेलर क्लिकमागे जेमतेम पावणेतीन मिमी सरकतो, आणि ही तूट प्रत्येक क्लिकला वाढत जाते. केबल कितीही ताणा, एक गिअर जुळेल आणि बाकीचे बिघडतील.

शिमानोचाच टियाग्रा ४७०० हा रोडचा संच आणखी एक चकवा. आहे १० स्पीड, पण गुणोत्तर ११ स्पीड रोडचं, १.४. त्याच्या शिफ्टरला माझा डिरेलर चालणार नाही. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या १० स्पीडमध्ये ही डोकेदुखीच नाही, रोड आणि माउंटन दोन्हींचं माप एकच. वुल्फ टूथ कंपनीचं टॅनपॅन नावाचं एक छोटं साधन केबलच्या वाटेत बसवलं की ११ स्पीडचा रोड शिफ्टर माउंटनच्या डिरेलरशी जुळवता येतो. उपाय पक्का आहे, पण जोडी मुळातच जुळत असेल तर वाटेत आणखी एक फिरणारा भाग मी घालणार नाही.

पुढच्या डिरेलरच्या वाटेला जाऊ नका. शिमानोच्या माउंटनच्या पुढच्या डिरेलरला लागणारी केबल रोड शिफ्टरपेक्षा वेगळी असते, तिथे रोडचाच ठेवावा. माउंटन बाईकच्या लांब हातांच्या व्ही-ब्रेकचंही तसंच, रोड लिव्हर तेवढी केबल ओढत नाही.

माझ्या पुढच्या चक्रांना ५० आणि ३४ दाते, कॅसेट ११-३६. पुढच्या आणि मागच्या मोठ्या-लहान चक्रांतल्या फरकांची बेरीज १६ अधिक २५, म्हणजे ४१. एवढी सैल चेन रोडच्या डिरेलरच्या आखूड पिंजऱ्याला (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या भागाला) आवरत नाही, लांब पिंजऱ्याचा माउंटन डिरेलर ४५ पर्यंत घेतो. मोठ्या चक्राला डिरेलरची वरची पुली घासू नये म्हणून ते अंतर ठरवणारा बी-स्क्रू बराच आत घ्यावा लागला. चेन १० स्पीडचीच घ्यायची, कारण ती कॅसेटशी जुळवायची असते. तोडण्याआधी ती डिरेलरमधून न घेता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून ओढून बघा आणि त्यावर दोन कड्या जास्त ठेवा. जोरात चढताना चुकून मोठ्यावर मोठं पडलंच, तर आखूड चेन डिरेलर मोडून टाकते.