विंडोज 98 वर पुन्हा इंटरनेट

बाबांनी बनवलेल्या लग्नपत्रिका पेजमेकर 6.5 या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरं श्रीलिपीच्या मराठी फॉन्टची. हे फॉन्ट युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे. तो मजकूर नव्या लॅपटॉपवर चिकटवला की नुसती रोमन चिन्हं दिसतात. म्हणून माळ्यावरचा विंडोज 98 चा पीसी खाली काढला आणि आधी त्यावर इंटरनेट जोडायला घेतलं.

यूएसबी वायफायचा ड्रायव्हर मिळेना. रियलटेक 8139 चं जुनं नेटवर्क कार्ड बसवलं, राउटरला वायर जोडली, आयपी पत्ता लगेच मिळाला. तरी पानं उघडेनात! इंटरनेट एक्सप्लोरर 6 ला टीएलएस 1.2, म्हणजे आजच्या वेबसाइट वापरतात ती सुरक्षित जोडणीची पद्धत, समजतच नाही. मग पेन ड्राइव्हवरून रेट्रोझिला हा जुन्या विंडोजसाठीचा ब्राउझर आणला (98 ला पेन ड्राइव्हसाठीही वेगळा ड्रायव्हर लागतो). आता वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार; त्याची मुदत पीसीच्या तारखेवरून तपासली जाते. बोर्डावरचा सेल संपलेला, घड्याळ 2000 सालात! सीआर 2032 सेल टाकला, तारीख लावली आणि साधी पानं उघडायला लागली.

98 चे सुरक्षा अपडेट जुलै 2006 मध्येच थांबले, त्यामुळे त्यावर बँक नाही, मेल नाही. काम झालं की वायर काढतो.

मग पेजमेकर. पहिलीच फाइल आत्याच्या लग्नाची. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. छपाईसाठीची पोस्टस्क्रिप्ट फाइल काढली, लॅपटॉपवर तिची पीडीएफ केली आणि रात्रीच आत्याला पाठवली.