पदवी भारतातली, परीक्षा अमेरिकेतली: मेडिकल असिस्टंट होताना

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास बीएचएमएस, बीएएमएस किंवा बीडीएस झालेल्या मराठी मुली बऱ्याच भेटतात. बहुतेक जणी नवऱ्यामागून एच-४ व्हिसावर आलेल्या. या व्हिसावर शिकायला मुभा आहे, पण नोकरीसाठी वेगळं परमिट लागतं. ते २०१५पासून मिळू लागलं, तेही जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं काम ठराविक टप्प्यापर्यंत गेलं असेल तरच. होमिओपॅथीच्या आपल्या पदवीवर इथे डॉक्टर म्हणून लायसन्स मिळत नाही. परमिटची वाट बघत घरी बसण्यापेक्षा मी कम्युनिटी कॉलेजात मेडिकल असिस्टंटचा कोर्स केला. घरून अजून विचारतात, डॉक्टर असून असिस्टंट का? म्हणून आज सविस्तर लिहिते.

मेडिकल असिस्टंट क्लिनिकमध्ये पेशंटला आत घेते, वजन-बीपी बघते, औषधांची यादी तपासते, इंजेक्शन देते, रक्त घेते, ईसीजी काढते आणि अपॉइंटमेंट-इन्शुरन्सचंही बघते. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. एएएमए (अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्स) या संस्थेची सीएमए, तसंच एनएचए आणि एएमटी या दुसऱ्या संस्थांच्या अनुक्रमे सीसीएमए आणि आरएमए या परीक्षा जास्त चालतात. मी सीएमए दिली. त्यात २०० प्रश्न असतात, ४०-४० मिनिटांचे चार भाग, सगळे बहुपर्यायी. निम्म्याहून जास्त प्रश्न क्लिनिकल कामावर असतात.

शरीरशास्त्र आपलं पक्कं असतं, त्यावर फार वेळ घालवू नका. वेळ द्या तो पद्धतींना. रक्त घेताना नळ्या कोणत्या क्रमाने भरायच्या, हे मी स्वयंपाक करतानाही घोकत असे: आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची बाटली), मग फिकी निळी (हे रंग झाकणांचे), मग लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी, शेवटी राखाडी. नुसतं पाठ करून चालत नाही; त्यामागचं कारण कळलं की क्रम विसरत नाही. जांभळ्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ती आधी भरली आणि त्यातला अंश पुढच्या नळीत गेला, तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं कमी झालेलं दिसतं. फिक्या निळ्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (हेही रक्त गोठू न देणारं) हे प्रमाण ठरलेलं असतं, म्हणून ती खुणेपर्यंत भरावीच लागते. अर्धवट भरलेली नळी लॅब परत पाठवते आणि पेशंटला पुन्हा टोचून घ्यावं लागतं. वयस्कर माणसाच्या बारीक शिरेत दुसऱ्यांदा सुई घालायची वेळ आली, की या नियमांची किंमत कळते.

मापांचाही सराव हवा. वजन पौंडात, ताप फॅरनहाइटमध्ये, पण औषधाचा डोस किलोवर. २.२ने भागायची सवय हाताला लागली पाहिजे.

आपल्यासारख्यांना सगळ्यात जड जातात ते मर्यादेचे प्रश्न. पेशंट विचारते, "माझा रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" रिपोर्ट समोर असतो, उत्तर जिभेवर असतं. तरी बरोबर पर्याय एकच: याबद्दल डॉक्टर तुमच्याशी बोलतील. निदान करायचं नाही, स्वतःच्या मनाने सल्ला द्यायचा नाही, डोस बदलायचा नाही. अशा प्रश्नांत जी ज्ञान दाखवायला जाते, ती मार्क घालवते. हा नियम मला मनापासून पटतो. पेशंटची जबाबदारी ज्या डॉक्टरवर आहे, त्याच्याच तोंडून रिपोर्टचा अर्थ पेशंटला कळला पाहिजे.

तसाच हिपा, पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याबद्दलचा १९९६चा कायदा. आपल्याकडे पेशंटबरोबर मुलगा, सून, शेजारच्या काकू असे सगळे केबिनमध्ये येतात. इथे पेशंटची संमती नसेल, तर फोन करणाऱ्या नातेवाइकाला परस्पर माहिती देता येत नाही. मंडळाच्या गणपतीत एखाद्या मावशी भेटल्या आणि त्या आठवड्यात त्या क्लिनिकमध्ये येऊन गेल्या असल्या, तरी आपण स्वतःहून विषय काढायचा नाही.

कोर्समध्ये एक्सटर्नशिप असते, क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष काम, बहुतेक ठिकाणी बिनपगारी. त्याआधी टीबीची तपासणी मागतात. आपल्या दंडावर बीसीजीची खूण असते आणि त्या लसीमुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून बीसीजी घेतलीय हे आधीच सांगा आणि रक्तावरची चाचणी मागून घ्या. लहानपणीचं लसीकरणाचं कार्डही घरच्यांकडून मागवून ठेवा, त्याची गरज पडते.

आणि फी भरण्याआधी एवढं नक्की बघा: कोर्सला सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का. सीएमएला बसण्याचा मुख्य रस्ता मान्यताप्राप्त कोर्समधूनच जातो. शाळेच्या जाहिरातीवर विसंबू नका, त्या संस्थांच्या यादीत शाळेचं नाव स्वतः शोधा. आपल्या राज्याचा नियमही वाचा. वॉशिंग्टनसारख्या राज्यात या कामासाठी राज्याच्या आरोग्य खात्याकडे नोंदणी करावीच लागते, तर बऱ्याच राज्यांत तशी कायदेशीर सक्ती नाही, पण नोकरी देणारे सर्टिफिकेट मागतात. तुम्ही कुठल्या राज्यात आहात ते कळवलंत, तर मला जेवढं माहीत आहे तेवढं जरूर सांगेन.