संशोधन जहाजावर पहिल्यांदा जाताय?

आमच्या मोहिमेतला पहिला दोन हजार मीटरचा सीटीडी कास्ट (केबलला लावलेलं क्षारता, तापमान, खोली मोजणारं उपकरण खाली नेऊन वर आणण्याची एक फेरी) मध्यरात्रीनंतर पाण्यात उतरला. विंच मिनिटाला साधारण 60 मीटर केबल सोडते, म्हणजे नुसतं खाली जायलाच अर्ध्या तासाहून जास्त. तापमान, क्षारता, ऑक्सिजन यांच्या रेषा पडद्यावर उतरताना बघणं मला सगळ्यात जास्त आवडलं. क्लोरोफिलचा फुगवटा पृष्ठभागाच्या बराच खाली दिसला. वर येताना पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाटल्या कुठे बंद करायच्या हे त्या रेषांवरूनच ठरतं, त्यामुळे तेव्हा झोप आवरा.

रोझेट, म्हणजे या बाटल्यांची गोल चौकट, डेकवर आलं की घाई उडते, पण नमुन्यांचा क्रम मोडू नका. आधी ऑक्सिजन, मग कार्बन आणि पीएच, मग पोषकद्रव्यं, क्षारता शेवटी. निस्किन बाटलीतलं (चौकटीवरची नमुन्याची बाटली) पाणी काढू लागलं की वर हवा शिरते आणि विरघळलेल्या वायूंचं प्रमाण बदलू लागतं. वरची झडप सैल करण्याआधी खालची तोटी उघडून पाहा. पाणी वाहू लागलं तर बाटली गळते आहे; तशी नोंद करा. ऑक्सिजनसाठी नळी कुपीच्या तळाला टेकवा, बुडबुडा एकही राहू देऊ नका आणि दोन-तीन कुप्यांइतकं पाणी वाहून जाऊ द्या. ऑक्सिजन मोजायची विंकलरची ही रासायनिक पद्धत 1888 सालची, तरी सेन्सरची पडताळणी आजही तिच्यावरच होते. कुपीत अभिकारकं (ठरलेली रसायनं) घातल्यावर गाळ तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. खोलवरच्या एका कुपीत तो जवळजवळ पांढराच राहिला. ऑक्सिजन इतका कमी असलेलं पाणी आपल्या हातात आहे, या जाणिवेने अंगावर काटा आला.

क्लोरोफिलचं पाणी मंद उजेडात गाळा आणि फिल्टर लगेच गोठवा.

बाटल्यांवरची लेबलं किनाऱ्यावरच तयार ठेवा: स्टेशन (नमुने घेण्याचं ठिकाण), कास्ट, बाटली क्रमांक. ओल्या हातांनी लिहायला पेन्सिल आणि जलरोधक कागदच बरा. वेळ सगळीकडे यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळ) लिहा. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधीच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. बसायला जहाजाचा मधला, खालचा भाग निवडा, तिथे हेलकावे कमी जाणवतात.

आणि पुढचं स्टेशन येण्याआधी कास्टची फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवा, नोंदवहीच्या पानाचा फोटोही काढून ठेवा.