'श्वास'ची डीव्हीडी

आज कपाट आवरताना 'श्वास'ची डीव्हीडी हाती लागली. कव्हरचा कोपरा पिवळा पडलाय, पण चकतीवर एक ओरखडा नाही. असणार कुठून? इतक्या वर्षांत एकदाच लावलीय. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ मिळवणारा हा दुसरा मराठी चित्रपट, २००४ साली भारताकडून ऑस्करलाही गेलेला. त्या अभिमानाने घेतली होती. डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, म्हणून शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला गुपचूप इस्पितळाबाहेर नेतात, जग दाखवायला. अरुण नलावडेंचा तो चेहरा नुसता आठवला तरी गळा दाटून येतो. पुन्हा बघायचं धाडसच होत नाही.

आई म्हणाली, "देऊन टाक की कुणाला तरी."

नाही दिली. फडक्याने पुसली आणि होती तिथेच, आजोबांच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवली.