टेनिस बघताय पण स्कोअर डोक्यावरून जातोय?

टेनिस समजावणारं काहीही शोधा, सगळीकडे सुरुवात फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूने मारलेला फटका) आणि बॅकहँडपासून (उलट्या बाजूने मारलेला). अहो ते तर डोळ्याला दिसतंच की! अर्धा तास मॅच बघितली की सवय होते. लोक अडकतात ते स्कोअरमध्ये, आणि तिथेच कंटाळून चॅनेल बदलतात. म्हणून माझं मत असं की शॉट्सची नावं सगळ्यात शेवटी, आधी स्कोअरचे शब्द, आणि त्यातही खरा महत्त्वाचा शब्द एकच, ब्रेक.

त्याच्या आधीचं पटकन उरकतो. शून्याला लव्ह म्हणतात, मग १५, ३०, ४० आणि त्यानंतर गेम. १५ नंतर ३० आणि ३० नंतर ४० च का, या भानगडीत पडू नका, पाठ करून टाका. दोघेही ४० वर आले की ड्यूस. ड्यूसवरून सलग दोन पॉइंट घ्यायचे, पहिला घेतला की ॲडव्हान्टेज, दुसरा घेतला की गेम, पण मधेच समोरच्याने एक घेतला की परत ड्यूस. माझ्या मावशीला हे अजिबात पटत नाही, "कमावलेला ॲडव्हान्टेज काढून घेतात म्हणजे काय रे" असं दर विम्बल्डनला विचारते. काढून नाही घेत गं, फक्त दोघं परत बरोबरीत आले. सहा गेमचा सेट, पण दोनचा फरक पाहिजे, म्हणजे ६-४ चालतं, ६-५ चालत नाही, मग ७-५ करा, आणि ६-६ झालं की टायब्रेक. टायब्रेकमध्ये मात्र शहाण्यासारखं एक, दोन, तीन असं मोजतात, जो आधी सात पॉइंट घेईल त्याचा सेट ७-६ ने, इथेपण दोन पॉइंटचा फरक हवाच.

आता ब्रेक. एका गेममध्ये सर्व्हिस पूर्ण वेळ एकाच खेळाडूची असते, पुढच्या गेममध्ये दुसऱ्याची. जो सर्व्हिस करतो त्याचं पारडं जड, कारण बॉल त्याच्या हातात, कुठे मारायचा ते तो ठरवणार, आणि वर दोन चान्स. पहिली सर्व्हिस बाहेर गेली तर फॉल्ट, दुसरीपण गेली तर डबल फॉल्ट आणि समोरच्याला पॉइंट फुकट. बॉल नेटला लागून आत बरोबर जागी पडला तर लेट, तीच सर्व्हिस परत. आणि समोरच्याची रॅकेटच लागली नाही तर एस, आपले पेपरवाले ज्याला बिनतोड सर्व्हिस म्हणतात ती. तर मुद्दा असा की सर्व्हिस करणाऱ्याने गेम जिंकायचा हे गृहीतच धरलेलं असतं, त्याला होल्ड म्हणायचं, आणि समोरच्याने तो गेम खेचला तर ब्रेक. म्हणून नुसतं ५-४ ऐकून काही कळत नाही. दोघांनीही आपापली सर्व्हिस राखली असेल तर तो जवळपास बरोबरीचा सामना आहे, पण एक ब्रेक झाला असेल आणि आता पुढे असलेल्याचीच सर्व्हिस असेल तर सेट जवळजवळ त्याचाच समजा. टीव्हीवर स्कोअरच्या बाजूला छोटा ठिपका असतो ना, तो सर्व्हिस कोणाची ते सांगतो. आधी तो बघायचा आणि मग आकडे.

आणि ब्रेक पॉइंट म्हणजे सर्व्हिस भेदायला एकच पॉइंट उरलाय अशी वेळ. ३०-४०, १५-४०, लव्ह-४० किंवा ड्यूसनंतर समोरच्याचा ॲडव्हान्टेज. (अंपायर सर्व्हिस करणाऱ्याचे पॉइंट आधी सांगतो, म्हणून ४०-३० आणि ३०-४० मध्ये जमीन अस्मानाचा फरक.)

हे सगळं कशासाठी सांगतोय, तर टेनिसमध्ये सगळे पॉइंट सारखे नसतात. १४ जुलै २०१९ चा रविवार आठवा, लॉर्ड्सवर वर्ल्ड कप फायनल आणि त्याच लंडनमध्ये विम्बल्डनची फायनल, फेडरर विरुद्ध जोकोविच, आणि आपण सगळे रिमोट हातात घेऊन इकडून तिकडे. तिकडे सुपर ओव्हरपण टाय होऊन इंग्लंडला चौकार षटकारांवर कप मिळाला त्यावर आपल्याकडे किती दिवस भांडणं चालली, पण टेनिसमध्ये काय झालं बघा, फेडररने २१८ पॉइंट घेतले, जोकोविचने २०४, एस फेडररचे २५ आणि जोकोविचचे १०, आणि जिंकला कोण तर जोकोविच! ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२. निवडणुकीत मतं जास्त आणि जागा कमी असं होतं ना, तसंच. दुसरा सेट फेडररने ६-१ ने धुतला पण तो शेवटी एकच सेट, आणि तिन्ही टायब्रेक, म्हणजेच पाचपैकी तीन सेट आणि सामना, जोकोविचने घेतले. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याचीच, स्कोअर ४०-१५, म्हणजे हातात दोन चॅम्पियनशिप पॉइंट, त्यातला एक घेतला की विम्बल्डन त्याचं. पहिल्यावर त्याचा फोरहँड बाहेर गेला, दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचने बाजूने पासिंग शॉट काढला. मग ड्यूस, मग ब्रेक. मी फेडररवाला आहे त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

तेव्हा विम्बल्डनच्या शेवटच्या सेटला टायब्रेक १२-१२ ला असायचा, आणि तो नियमही त्याच वर्षी आला होता. त्याआधी शेवटच्या सेटला टायब्रेकच नव्हता, म्हणून तर २०१० मध्ये इस्नर आणि माहू तीन दिवस खेळत बसले, एकूण ११ तास ५ मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे विम्बल्डनसारख्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांमध्ये, शेवटच्या सेटला ६-६ वर टायब्रेक, फक्त तो सातऐवजी दहाचा.

अजून एक गंमत जी मला खूप उशिरा लक्षात आली. प्रत्येक गेममध्ये पहिल्या पॉइंटची सर्व्हिस कोर्टच्या उजव्या बाजूने, दुसऱ्या पॉइंटची डाव्या, असं आलटून पालटून चालतं. उजवी ती ड्यूस कोर्ट, डावी ती ॲड कोर्ट. आता मोजून बघा, ३०-४० म्हणजे पाच पॉइंट झालेत, सहावा डावीकडून. लव्ह-४० पण डावीकडून, ॲडव्हान्टेजपण डावीकडून, फक्त १५-४० उजवीकडून. आणि डावखुऱ्याची फिरणारी सर्व्हिस डाव्या बाजूने मारली की बॉल उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडपासून लांब, कोर्टच्या बाहेर पळतो. म्हणजे नेमकं जीव वाचवायच्या वेळी डावखुऱ्याकडे त्याचं सगळ्यात भारी हत्यार असतं. डावखुरा नदाल ब्रेक पॉइंटवर परत परत तीच सर्व्हिस का मारायचा ते यात आलं.

बाकी शब्द सोपे. टप्पा पडायच्या आत मारला तर व्हॉली, डोक्यावरून उंच उडवला तर लोब, नेटजवळ हळूच टाकला तर ड्रॉप शॉट, खालून कापला तर स्लाइस. बॉल लाइनला जरासा जरी टेकला तरी इन. क्रॉस कोर्ट म्हणजे तिरका फटका, आणि सगळे सारखे तिरके का मारतात त्याला कारण आहे, नेट कडेला साडेतीन फूट आणि मधे तीनच फूट उंच असतं, शिवाय तिरकं अंतर जास्त, म्हणजे चुकायची भीती कमी. अनफोर्स्ड एरर, म्हणजे समोरच्याने दबाव न आणता आपणहून केलेली चूक, हा शब्द मात्र मला कधीच पूर्ण पटला नाही, चूक दबावाखाली झाली की आपणहून हे शेवटी आकडे लिहिणारा माणूस ठरवतो.

बालेवाडीला महाराष्ट्र ओपन व्हायची तेव्हा तिथे जाऊन डबल्स बघितलं असेल तर एका गोष्टीने गोंधळ उडाला असेल. टूरवरच्या, म्हणजे ग्रँड स्लॅम सोडून वर्षभर चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांच्या, डबल्समध्ये ड्यूसनंतर ॲडव्हान्टेज नाहीच, एकच पॉइंट, जो घेईल त्याचा गेम, आणि सर्व्हिस उजवीकडे घ्यायची की डावीकडे हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. सेट १-१ झाले की तिसरा सेट नाही, थेट दहाचा टायब्रेक. ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णाने हांगझोउला एशियन गेम्सचं मिश्र दुहेरीचं गोल्ड घेतलं तो स्कोअर २-६, ६-३, १०-४ असा दिसतो तो यामुळेच, ते १०-४ म्हणजे टायब्रेक, सेट नाही. मावशीला हा ड्यूसचा नियम कळल्यापासून ती म्हणते सिंगल्सलापण हाच लावा, लवकर संपेल, मला कुकर लावायचा असतो. मी म्हटलं मग दहा वेळा ड्यूस होणारा गेम कुठे बघायचा? तर म्हणे तोच तर नकोय मला.