सायकलची रिंग आणि गुलाबी मेणबत्ती

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून शाळेतून फोन आला, तेव्हा मी म्हटलं, मला कसलं लिहिता येतंय, मी जहाजावरचा फिटर. पलीकडून उत्तर आलं, मग फिटरसारखं लिहा. म्हणून एका वस्तूबद्दल लिहितो : नाताळच्या आधी ज्यावर मेणबत्त्या लावतात त्या चक्राबद्दल.

१९८४ साल, नववीचा वर्ग. नोव्हेंबर संपता संपता सिस्टरांनी माझ्याकडून सायकलची एक जुनी रिंग मागवली. गंजलेली, दोन ठिकाणी पोचे पडलेली. भुईगावच्या किनाऱ्यावरून आम्ही सुरूच्या फांद्या आणल्या आणि सुतळीने रिंगेला गुंडाळल्या. परदेशात म्हणे यासाठी देवदार की पाइन वापरतात. वसईत आपला सुरूच. त्यावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एकेक पेटवायची. नाताळच्या आधीचे हे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. वर्गातली हिंदू मुलं विचारायची, सण पंचवीसला, मग आत्तापासून कसली पूजा? सिस्टर म्हणायच्या, "पाहुणे यायच्या आधी अंगण सारवता ना तुम्ही? तेच."

अडचण रंगाची होती. तीन मेणबत्त्या जांभळ्या हव्या आणि एक गुलाबी. बाजारात सगळ्या पांढऱ्या. सिस्टर मला म्हणाल्या, "तू कर." मी त्या दिवसांत कोणाशी धड बोलत नव्हतो. बाबा जहाजावर होते. नाताळला घरी येतो असं पत्र होतं, आणि मग तार आली की बदली माणूस मिळाला नाही. आईने तार पिठाच्या डब्याखाली ठेवली आणि करंज्यांसाठी खोबरं किसायला घेतलं. मला तिचा राग आला होता. बाबा येणार नाहीत तर करंज्या कोणासाठी?

तर मेणबत्त्या. पांढऱ्या मेणबत्त्या पत्र्याच्या डब्यात वितळवायच्या आणि त्यात मेणाच्या खडूचे तुकडे टाकायचे. लाल आणि निळा मिळून जांभळा झाला, तो ठीक निघाला. गुलाबीसाठी लाल खडू जरासाच टाकायचा होता. माझा अंदाज चुकला आणि मेण गाजराच्या हलव्यासारखं दिसायला लागलं. मग त्यात आणखी दोन पांढऱ्या मेणबत्त्या गेल्या. साचा म्हणून केळीच्या सोपटाची नळी केली होती. मेणबत्ती बाहेर निघाली ती वाकडी, ठिपक्याठिपक्यांची. खडूचा रंग वातीत अडकतो हे मला तेव्हा कुठे ठाऊक! तिसऱ्या रविवारी ती पेटली, तडतडली, विझली. परत पेटवली, परत विझली. तिसरा रविवार आनंदाचा, म्हणूनच तर तिचा रंग वेगळा. सगळा वर्ग हसला, आणि कितीतरी दिवसांनी मीही हसलो. सिस्टरांनी पिनेने वात टोकरून मोकळी केली. मग ती जळली, पण धूर सोडत.

त्याआधीच्या रविवारी, ९ डिसेंबरला, मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेतलं, पहिलं वाचन माझ्याकडे होतं. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा चाळिसावा अध्याय. सुरुवातच 'सांत्वन करा' अशी, आणि पुढे रानात वाट तयार करायची, दऱ्या भरायच्या, डोंगर खाली आणायचे. घरी वसईची सामवेदी बोली बोलणारी आम्ही पोरं. मी ठणठणीत आवाजात 'सांतवन' म्हटलं, तेही दोनदा. मराठीच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर शब्द फोडून लिहिला : त, त्या तला व. अजून तसाच डोळ्यांपुढे आहे.

बाबा फेब्रुवारीत आले. करंज्या कधीच संपल्या होत्या.

पुढे आयटीआय केलं आणि मीही बोटीवर गेलो. एका डिसेंबरात जर्मनीत हॅम्बुर्गला खलाशांच्या क्लबात तीच रिंग दिसली, फक्त सुरूऐवजी तिकडची पानं. तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने मूळ सांगितलं. १८३९ साली त्याच शहरात योहान विखर्न नावाचे पाद्री गरीब मुलांचा आश्रम चालवत. 'नाताळ कधी?' असं पोरं रोज विचारून डोकं खायची, म्हणून त्यांनी एक गाडीचं चाक घेतलं, रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या, मधल्या दिवसांच्या छोट्या लाल. मोजा आता! म्हणजे मुळात चाकच होतं. मला उगाच आपल्या गंजक्या रिंगेचा अभिमान वाटला.

२०२० मध्ये माझा नऊ महिन्यांचा करार सप्टेंबरात संपला. करोनामुळे बदली माणूस येईना. त्या डिसेंबरात जगभरात सुमारे चार लाख खलाशी असे मुदत संपून बोटींवर अडकले होते. आमचा टँकर अमिरातीतल्या फुजैरा बंदराबाहेर नांगर टाकून उभा. घरी फोन केला की बायको विचारायची, काही कळलं? मी पण तिला तेच विचारायचो.

टँकरवर मेणबत्ती पेटवणं म्हणजे थेट नोकरी घालवणं. मी फ्लँजचं एक जुनं गॅस्केट काढलं, म्हणजे पाइपांच्या जोडात बसते ती गोल चकती, आठ भोकांची. एकाआड एक चार भोकांत छोटे टॉर्च बसवले. तिघांना चॉकलेटचे जांभळे कागद लावले. गुलाबी कागद या वेळीही मिळेना! शेवटी फिलिपिनो कुकने जेलीच्या डबीचं झाकण दिलं. त्यांच्याकडे १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेची मिस्सा असते. तो तारेचा आणि कागदाचा तारा करत बसला होता.

६ डिसेंबरला मुलीने त्या दिवसाच्या वाचनाचा फोटो पाठवला. यशया, चाळिसावा अध्याय. रविवारची वाचनं दर तीन वर्षांनी फिरून येतात, हे माहीत असूनही मी तारीख दोनदा पाहिली. मेसमध्ये आम्ही तिघं होतो. मी मराठीतच वाचलं. इंजिनरूममधला गोव्याचा मोटरमन म्हणाला, "ती पहिली ओळ परत वाच." वाचली. या वेळी तला व नीट लागला होता.

मार्चमध्ये सुटका झाली. ते गॅस्केट बॅगेत घालून आणलंय. शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचं असेल तर आणून देतो. फक्त काचेच्या कपाटात ठेवा, डिझेलचा वास अजून गेलेला नाही.